साडेआठची नोंद

तोरण्याचा माथा आज दिसत नाही. झुंजार माचीच्या खालपर्यंत ढग उतरलेत आणि वेल्ह्याच्या बाजारपेठेतली दुकानं सकाळी सव्वाआठला दिवे लावून बसली आहेत. रात्रभर कोसळून पाऊस आता जरा ओसरलाय. एका सरकारी आवारात तारेच्या छोट्या कुंपणाशी मी उभी आहे. आत गवत कापून मोकळी ठेवलेली जागा आणि मधोमध फायबरचं रेनगेज. त्याची वरची कड जमिनीपासून जेमतेम ३० सेंटिमीटरवर. जवळ झाड नाही, भिंत नाही. आडोसा जितका उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर राखूनच पर्जन्यमापक बसवायचं असतं, नाहीतर वाऱ्याने तिरपा झालेला पाऊस त्यात पोचत नाही.

नोंद घेणारे काका छत्री मानेत दाबून उभे आहेत. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, पेन खिशात, नजर मनगटावर.

"उघडायचं का?" मी विचारते.

"अजून थोडा टाइम हाये, ताई. साडेआठ म्हंजी साडेआठ. आधी न्हाई, मागून न्हाई."

साडेआठ वाजतात. काका वरचं नरसाळं काढतात, आतली बाटली दोन्ही हातांनी उचलतात. ती जड आहे हे त्यांच्या खांद्यांवरून कळतं. मापाचा ग्लास सपाट दगडावर ठेवून ते त्यात पाणी ओततात आणि ओल्या गवतावर चक्क गुडघे टेकतात. डोळे पाण्याच्या रेषेत आल्याशिवाय वाचायचं नाही. काचेला लागून पाणी कडेने किंचित वर चढलेलं असतं, मध्ये खळगा पडलेला असतो. आकडा धरायचा तो खळग्याच्या तळाचा. वरची कड धरली की पाऊस कागदावर वाढतो, खरा वाढत नाही.

ग्लास भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो. दर वेळी काका वहीच्या कडेला एक उभी रेघ ओढतात.

"तोंडानं मोजलं तर चुकतंय. मदीच कुनी रामराम घातला की इसरलंच."

शेवटचा ग्लास अर्धाच भरतो. ते तो नीट वाचतात, रेघा मोजतात, बेरीज करतात, पुन्हा बेरीज करतात आणि मगच आकडा वहीत चढतो. त्यानंतर फोन.

या रेनगेजच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे बाटलीत जमलेल्या दर २० मिलिलिटर पाण्यामागे एक मिलिमीटर पाऊस. शेतकऱ्याच्या हिशेबात सांगायचं तर एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे १०० लिटर पाणी. हवामान खात्याच्या भाषेत दिवसाला अडीच मिलिमीटर झाला तर तो पावसाचा दिवस, ६४.५ च्या पुढे मुसळधार, ११५.६ च्या पुढे अतिमुसळधार आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत मुसळधार. मोबाइलवर येणारे पिवळे, नारिंगी, लाल इशारे खरे ठरले की नाही, हे शेवटी अशाच कुठल्या तरी बाटलीत ठरतं.

पण साडेआठच का? भारताचे साडेआठ म्हणजे ग्रीनिच वेळेचे पहाटेचे तीन. जगभरच्या हवामान केंद्रांनी ठराविक वेळा आपसांत ठरवून घेतल्या आहेत. एकाच क्षणी सगळीकडची हवा मोजली, तरच नकाशावर तिचं खरं चित्र उमटतं. वेल्ह्यात काका बाटली उचलतात, त्या क्षणी उत्तर ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटरवर, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ऑलेसुंद गावात पहाटेचे पाच वाजलेले असतात. पहाट नावापुरती. एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तिथे सूर्य मावळतच नाही.

काका फोन करत असताना मी माझ्या फोनवर तिथल्या झेपेलिन डोंगरावरच्या कॅमेऱ्याचं चित्र उघडते. वेल्ह्याच्या नेटवर्कवर ते तुकड्यातुकड्याने उतरतं. आधी करडं आकाश, मग डोंगरांचे काळे कडे आणि त्यांवर बर्फाचे पट्टे, मग काँग्सफ्योर्ड खाडीचं शिशासारखं पाणी. काठाशी चिमुकली रंगीत घरं. त्यांतलंच एक भारताचं आहे. त्याचं नाव हिमाद्री.

मी फोन काकांपुढे धरते. ते चष्मा पुसून बघतात.

"हितं बी पाऊस मोजत्यात?"

"पाऊस, बर्फ, हवा, समुद्र, सगळं."

"मान्सं ऱ्हात्यात का?"

राहतात. न्यू-ऑलेसुंद हे पूर्वी कोळशाच्या खाणीचं गाव. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये खाणीत स्फोट होऊन २१ कामगार दगावले आणि पुढच्या वर्षी खाण कायमची बंद झाली. आज त्याच गावात नॉर्वे, जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, इटली, नेदरलँड्स, जपान, चीन, दक्षिण कोरिया आणि भारताचे संशोधक शेजारीशेजारी काम करतात. घरांना कुलूप लावत नाहीत. पांढरं अस्वल आलं तर दिसेल त्या दारात शिरता यावं म्हणून. वस्तीबाहेर जाताना बंदूक बरोबर लागते. वायफाय आणि ब्लूटूथला बंदी आहे, कारण तिथल्या रेडिओ दुर्बिणी अंतराळातून येणारे अतिक्षीण संकेत ऐकत असतात. जर्मन-फ्रेंच केंद्र रोज हवामान मोजणारा फुगा सोडतं आणि त्याची मोजमापं साऱ्या जगाला मिळतात.

भारताची पहिली आर्क्टिक मोहीम २००७ च्या ऑगस्टमध्ये गेली. १ जुलै २००८ ला हिमाद्री सुरू झालं. त्याचा कारभार पाहतं गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. २०१४ च्या जुलैमध्ये काँग्सफ्योर्डमध्ये १९२ मीटर खोल पाण्यात 'इंडआर्क' ही वेधशाळा सोडली गेली. तळाशी नांगरलेल्या दोरावर उपकरणं ओवलेली असतात आणि ती वेगवेगळ्या खोलीवरचं तापमान आणि क्षारता टिपत राहतात. आधी भारतीय संशोधक उन्हाळ्यापुरते जायचे. २०२३ च्या डिसेंबरपासून, जेव्हा तिथे दिवसच उगवत नाही त्या काळोख्या हिवाळ्यातही भारताची माणसं राहू लागली. त्या पहिल्या हिवाळी मोहिमेत पुण्याच्या पाषाणमधली भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे आपली आयआयटीएम, सहभागी होती.

काका चित्र परत एकदा बघतात. "थंडीत बी रोज जाऊन बगायचं म्हंजी कठीण काम," ते म्हणतात आणि नरसाळं जागेवर बसवून कड समपातळीत आहे की नाही ते पाहतात.

वेल्ह्यातून निघालं की रस्ता पासलीवरून केळदकडे, मढे घाटाकडे चढत जातो. तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, माणसांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. चिखलणी झालेल्या खाचरात बायका ओळीने वाकून लावणी करताहेत. पाठीवर इरल्याच्या जागी निळे-पिवळे प्लॅस्टिकचे कागद आहेत. बांधावर रोपांच्या मुठी पडल्यात. पलीकडच्या खाचरात पॉवर टिलर धडधडतोय.

एक मावशी पाठ सरळ करायला बांधावर येतात. हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले.

"मावशी, यंदा पाऊस कसा हाये?"

"पाऊस उना न्हाई गं. पर त्याची रीत मोडलीया. पयलं आठ-आठ दिस झड लागायची. बारीक बारीक, जिरवनीचा पाऊस. आता कोरडं जातं, वाट बगून बगून रोप पिवळं पडतंय, आन् मंग एका रातीत येतो त्यो बांदच फोडून जातोय."

त्या मला फुटलेला बांध दाखवतात. ताली वाहून गेलीये, खालच्या खाचरात लाल मुरूम पसरलाय आणि त्याखाली परवाच लावलेली रोपं गाडली गेलीत. दोन मुलं घमेल्याने मुरूम उपसताहेत.

मावशी जे सांगताहेत, तेच २०१७ मध्ये आयआयटीएमचे डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकड्यांत मांडलं. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्वेपर्यंत, मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. एकूण मोसमी पाऊस मात्र त्या काळात घटला. अरबी समुद्र तापतोय, त्यावरून येणारे वारे अधिक लहरी झालेत आणि बाष्पाचे लोटच्या लोट एकदम आत येतात, हे त्यांनी दाखवलेलं कारण. मावशींच्या अनुभवाला विज्ञानाची साक्ष मिळाली ती पासष्ट वर्षांच्या पावसाच्या नोंदींमुळे. कुणीतरी रोज सकाळी गुडघे टेकून मापाचा ग्लास वाचला होता.

पुढे केळदजवळ ढग थेट रस्त्यावर आलेत. गाडीचे दिवे लावूनही दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. हा घाटमाथा. इथे हंगामात काही हजार मिलिमीटर पाऊस होतो, तर नसरापूर, किकवी ओलांडून पूर्वेकडे गेलं की तोच काहीशेवर येतो. त्यामुळे एका खोऱ्यातली बाटली शेजारच्या खोऱ्याबद्दल बोलू शकत नाही. पीकविम्याचा दावा मात्र महसूल मंडळाच्या नोंदीवर ठरतो. मंडळाच्या केंद्रावर रिमझिम आणि डोंगराआडच्या वाडीत ढगफुटी, असं झालं तर वाडीचं नुकसान कागदावर येत नाही. राज्यात 'महावेध'ची स्वयंचलित केंद्रं मंडळामंडळात उभी राहिली, त्याने बरंच साधलं. पण सह्याद्रीच्या या घड्यांमध्ये एक मंडळ म्हणजे कितीतरी वेगवेगळे पावसाळे असतात.

दुपारी भोरकडे. कापूरहोळवरून आत वळल्यावर भाटघरची दगडी भिंत समोर येते. वेळवंडी नदीवरचं हे धरण १९२७ मध्ये पुरं झालं. घाटमाथ्यावर आणि त्याच्या पायथ्याशी पडलेलं पाणी इथे साठतं आणि नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसपर्यंत जातं. तिकडचा ऊस इकडच्या ढगांवर उभा आहे. जलाशय तांबूस झालाय. भिंतीशी लाटा थडकताहेत. पाणलोटातल्या पावसाचे आकडे इथे येतात, त्यावरून येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, काढतात आणि येव्यावरून विसर्ग ठरतो. सकाळचा आकडा चुकला तर इथला हिशेब चुकतो आणि नीराकाठच्या गावांना वेळेवर सावध करता येत नाही.

धरणाला पाणी आवरलं नाही की काय होतं, ते वेल्ह्याच्या मातीला ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ ला याच तालुक्यातलं, आंबी नदीवरचं नवं पानशेत धरण फुटलं. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची भिंतही टिकली नाही आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं. पुण्यातल्या जुन्या माणसांच्या आठवणींत काळ अजूनही 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' असा मोजला जातो.

भोरच्या दक्षिणेकडे डोंगरांची रांग ढगांत बुडालीय. त्या ढगांच्या आत, मांढरदेवच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर आयआयटीएमने एक्स-बँड रडार बसवला. सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडायच्या आणि थेंबांवर आपटून त्या परत येतात तेव्हा ढगाची उंची, घनता, चाल ओळखायची, हे त्याचं काम. पलीकडे महाबळेश्वरला याच संस्थेने २०१२ मध्ये ढगांचा अभ्यास करणारी उच्चस्थ प्रयोगशाळा उभारली. तिथे पावसाळ्यात ढग जमिनीलगत असतो, त्यामुळे विमान न उडवता तो उपकरणांतून मोजता येतो. त्यातला एकेक थेंब, आणि थेंब ज्याभोवती जमतो तो मिठाचा, धुळीचा, धुराचा कण. अशा मोजणीतून दिसलेली एक गोष्ट फार बोलकी आहे. सह्याद्रीवर झडीचा पाऊस देणारे बरेचसे ढग बुटके असतात. ते पाणी गोठण्याच्या उंचीपर्यंत पोचतच नाहीत. बर्फाचा कण न बनता, थेंबावर थेंब आदळून मोठा होतो आणि खाली येतो.

म्हणजे इथल्या बऱ्याच पावसात बर्फ नाही. आणि तरीही दूरच्या बर्फाची आणि आपल्या पावसाची सांगड घालण्याचा प्रयत्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे. हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये हिमालयातल्या बर्फाचा आणि उत्तर भारतातल्या अवर्षणाचा संबंध मांडला आणि १८८६ मध्ये मोसमी पावसाचा पहिला अधिकृत अंदाज दिला. हिमालयात बर्फ जास्त, तर पाऊस कमी, हा त्याचा पाया. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. १९४८ पासून तिथेच अण्णा मणी यांनी हवामानाची उपकरणं देशात बनावीत, त्यांची मापं सगळीकडे एकसारखी असावीत यासाठी आयुष्य वेचलं. वेल्ह्याचा आणि वास्कोचा मिलिमीटर एकच असतो, तो या शिस्तीमुळे.

आता नजर हिमालयाच्याही पलीकडे गेली आहे. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, असं २०२२ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी दाखवलं. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथल्या समुद्रावरच्या बर्फाचा विस्तार उपग्रहांच्या नोंदीतला सर्वांत कमी होता. वास्कोच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी नॉर्वेतल्या सहकाऱ्यांबरोबर २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेला असलेल्या कारा समुद्रावर उन्हाळ्यात बर्फ कमी असतो तेव्हा वरच्या हवेतल्या लाटांची मांडणी बदलते, तिचा परिणाम आशियापर्यंत उतरतो आणि त्याच वेळी अरबी समुद्र तापलेला असेल तर सप्टेंबरमध्ये मध्य भारतात अतिवृष्टी वाढू शकते, असं त्यात म्हटलं आहे. संबंध संभाव्य आहे, असंच शास्त्रज्ञ जपून सांगतात. पण सप्टेंबर म्हणजे भात पोटरीत येण्याचे, फुलोऱ्याचे दिवस. त्या दिवसांत कोसळलेला पाऊस दाणा भरू देत नाही. म्हणून हा संबंध खरा की खोटा, पक्का की कच्चा, हे कळणं मावशींच्या खाचरासाठी गरजेचं आहे.

ते कळण्यासाठी दोन्ही टोकांची मोजणी लागते. तिकडे इंडआर्क, व्हेस्त्रे ब्रोग्गरब्रीन हिमनदीवर बर्फ मोजायला रोवलेल्या काठ्या, झेपेलिनच्या माथ्यावर हवेतला कर्बवायू मोजणारी यंत्रं. इकडे वेल्ह्यातली बाटली, भाटघरची पाणी मोजायची पट्टी, मांढरदेवचा रडार. रडारही ढगातून पावसाचा अंदाज काढतो आणि तो अंदाज बरोबर आहे का, हे जमिनीवरच्या रेनगेजला विचारावं लागतं. न्यू-ऑलेसुंदला वर्षभरात मिळून सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस-बर्फ होतो. महाबळेश्वरला २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. आणि त्या कोरड्या, गोठलेल्या गावात ३० जानेवारी २०१२ ला, ऐन ध्रुवीय रात्रीत, एका दिवसात ९८ मिलिमीटर पाणी पडलं. बर्फावर पाऊस पडला, त्याचा कडक थर झाला आणि खालचं शेवाळ-गवत रेनडिअरना उकरता येईना. तिथलीही रीत मोडली आहे, हे मोजल्यामुळेच समजलं.

भोरच्या चौकात शाळा सुटलीय. दप्तरांवर प्लॅस्टिक घातलेली पोरं पन्हाळीखाली मुद्दाम भिजताहेत. यांच्यातल्या कुणाला उद्या हिमाद्रीवर काम करायचं असेल, तर त्याची सुरुवात त्यांच्या शाळेच्या अंगणात होऊ शकते. भोर आणि वेल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आवारात एक रेनगेज आणि एक नोंदवही असली पाहिजे. घाटमाथ्यावरच्या वाड्यांत तर आधी. गावांनी ती आपली म्हणून सांभाळावी, शिक्षकांनी मुलांच्या पाळ्या लावाव्यात, आकडे तालुक्याला आणि हवामान खात्याला कळवावेत. धरणांच्या कचेऱ्यांत, तालुक्याच्या दप्तरखान्यांत पडलेल्या जुन्या वह्या वाळवीला न देता त्यांचे फोटो काढून ठेवावेत. सुटलेल्या दिवसाचा पाऊस नंतर कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही. पुढच्या जूनच्या आत मोकळी जागा शोधा, रेनगेज बसवा आणि रोज सकाळी साडेआठला खरा आकडा लिहा.